हा माणूस कोणाचा?

“तुला कामावर कोणी ठेवलं?” या प्रश्नाला केळझरच्या एका मुलाने दिलेले उत्तर मी वहीत लिहून ठेवले आहे. “मामांनी सांगितलं म्हणून गेलो, सर. तिथं ठेकेदार आहे, पण गोडाऊन कंपनीचं आहे. पैसे कधी ठेकेदार देते, कधी त्याचा माणूस देते, एकदा मामाच्या हातून आले.” मुलगा अकरावीचा. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत बुटीबोरीच्या बाजूला पॅकिंगच्या कामाला गेला होता. शेवटच्या बारा दिवसांची मजुरी अडकली होती. ठेकेदार म्हणायचा, कंपनीने बिल काढले नाही. कंपनीच्या गेटवर सांगायचे, तू आमचा माणूसच नाहीस. मामा म्हणायचे, मी फक्त ओळख करून दिली. तीन मोठी माणसे, त्यांच्यामध्ये सतरा वर्षांचा एक पोरगा, आणि हिशेब मागायचा कोणाकडे हेच त्याला माहीत नाही.

मी नागपुरात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. घर केळझरचे. जून २०२४ पासून महिन्यातले दोन रविवार नववी ते बारावीच्या वीस-पंचवीस मुलामुलींबरोबर बसतो. सुरुवात संगणकाने झाली होती. त्या दिवाळीनंतर कीबोर्ड बाजूला राहिला आणि आम्ही वेगळेच काही शिकायला लागलो: दुसऱ्याच्या वतीने काम करणे म्हणजे काय, आणि दुसऱ्याकडे नोकरी करणे म्हणजे काय. कायद्यात या दोन वेगळ्या शाखा आहेत. मी वकील नाही, पदवी इंजिनिअरिंगची आहे. कलमे वाचून, ओळखीच्या वकिलांना विचारून आणि एकदा चांगलाच चुकून मी हे शिकवतो आहे. या वेळचे संपादकीय त्यावरच लिहितो, कारण हे काम माझ्या एकट्याचे नाही आणि केळझरपुरतेही नाही.

एजंट हा शब्द मुलांना शिकवावा लागत नाही. आरटीओचा एजंट, एलआयसीचा एजंट, दुबईला पाठवणारा एजंट. शब्द उच्चारला की पोरे हसतात. मग मी जुने शब्द फळ्यावर लिहितो: अडत्या, दलाल, मुनीम, मुखत्यार, गुमास्ता. दुकानाच्या परवान्याला आजही आपण गुमास्ता लायसन म्हणतो. गुमास्ता म्हणजे धन्याच्या वतीने व्यवहार पाहणारा माणूस. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १८२ नेमके हेच सांगते. दुसऱ्यासाठी एखादे काम करायला, किंवा तिसऱ्या माणसाशी व्यवहार करताना दुसऱ्याची जागा घ्यायला जो नेमलेला असतो, तो एजंट. आमच्या वर्गात आम्ही एक एजंट आणि दुसरा धनी म्हणतो. एजंटाने आपल्या अधिकारात राहून जे केले, ते धन्यानेच केले असे धरले जाते. सगळी मेख त्या ‘अधिकारात राहून’ या शब्दांत आहे.

मुलांना सर्वांत आवडते ते कलम १८४. वय अठराच्या खाली असले तरी तुम्ही एजंट होऊ शकता. फक्त धन्याला तुमच्याकडून भरपाई मागता येत नाही. वडिलांनी रोज किराण्याच्या दुकानात पाठवले, दुकानदार खात्यावर लिहितो, वडील महिन्याला पैसे देतात. म्हणजे तुम्ही वडिलांचे एजंट आहात, कागदावर एक अक्षर नसताना. आता वडील तुम्हाला म्हणाले, उद्यापासून उधारी बंद. पण दुकानदाराला सांगितले नाही. तुम्ही जाऊन पाच किलो साखर आणली. पैसे कोणी द्यायचे? वर्गात यावर अर्धा तास भांडण झाले. कायद्याचे उत्तर: वडिलांनी. अधिकार काढून घेतल्याचे समोरच्याला कळत नाही, तोवर त्याच्यापुरता तो अधिकार जिवंत असतो. (यानंतर दोन घरांतून मला निरोप आला की पोरांना नसते उद्योग शिकवू नका.)

केळझरला स्वतःची गोष्टही आहे. गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रनगरी, असे इथे सगळे मानतात. बकासुराकडे पाळीपाळीने एकेका घरातून माणूस आणि अन्नाचा गाडा जायचा. ब्राह्मणाच्या घराची पाळी आली तेव्हा कुंतीने भीमाला पाठवले. नववीतल्या एका मुलीने विचारले, “मंग भीम त्या घराचा एजंट का, सर? पण त्यानं फी तं घेतली नाही.” कलम १८५ समजावायला याहून चांगला प्रश्न मला सापडला नसता. एजंट होण्यासाठी मोबदला लागत नाही. फुकट केले म्हणून माणूस जबाबदारीतून आपोआप सुटत नाही. सगळ्यांच्या नजरा त्या अकरावीच्या मुलाकडे वळल्या. मामा!

हा खेळ वाटतो, पण त्याच्या एका टोकाला लोकांची आयुष्ये आहेत. सर्वोच्च न्यायालयातली दोन प्रकरणे मी नेहमी जोडीने सांगतो. पहिल्यात एका विमेदाराने हप्त्याचा २,७३० रुपयांचा बेअरर चेक एलआयसीच्या एजंटाच्या हातात दिला. एजंटाने चेक वटवला, पैसे भरले नाहीत. ९ ऑगस्ट १९८७ रोजी विमेदार अपघातात गेला आणि एजंटाने दुसऱ्या दिवशी हप्ता भरला. १९९७ मध्ये हर्षद शाह खटल्यात न्यायालयाने एलआयसीच्या बाजूने निकाल दिला, कारण नियमांप्रमाणे एजंटाला हप्त्याचे पैसे घेण्याचा अधिकारच नव्हता. तो चेक घेताना एजंट एलआयसीचा माणूस नव्हता. दुसरे प्रकरण १९९९ चे, बसंती देवींचे. त्यांचे पती दिल्लीच्या वीज उपक्रमात नोकरीला होते. विम्याचा हप्ता पगारातून कापला जायचा, पण मालकाने तो पुढे पाठवला नाही आणि पती वारले. इथे न्यायालय म्हणाले की पगारातून हप्ता कापणारा मालक हा त्या कामापुरता एलआयसीचाच एजंट आहे. त्याच्या चुकीचा भार विधवेवर टाकता येणार नाही.

दोन्ही घरांनी पैसे दिले होते. एका घराचे पैसे चुकीच्या माणसाच्या हातात पडले. त्या दिवशी घरी जाऊन तीन मुलांनी विम्याच्या पावत्या शोधल्या. एका घरात चार वर्षांची एकही पावती नव्हती. एजंट ओळखीचा, ईदला घरी येणारा.

मुलींसाठी हा विषय आणखी एका दाराने घरात येतो. निकाहच्या वेळी वधूची इजाजत घ्यायला जो जातो, त्याला आपण वकीलच म्हणतो. मामा किंवा चाचा, बरोबर दोन साक्षीदार. तो आतल्या खोलीत जातो, विचारतो, बाहेर येऊन काजींना सांगतो. हा सरळसरळ एजंट आहे आणि धनी आहे ती मुलगी. हे सांगितले तेव्हा दहावीतली एक मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आणि त्यानं आत न येताच हो सांगितलं तर?” मी म्हणालो, तर ते त्याचे ‘हो’ झाले, तुझे नाही. सज्ञान मुलीचा निकाह तिच्या संमतीशिवाय होत नाही, हे कोणताही जाणता काजी सांगेल. आणि अठराच्या आत तर देशाचा कायदाच आड येतो. ती पुढे काही बोलली नाही. तिने हे कोणासाठी विचारले होते ते मला माहीत नाही आणि मी विचारलेही नाही. पण आपल्या घरांतल्या किती मुलींना, ज्या दिवशी त्यांचा वकील दारात येतो त्या दिवशी, हे माहीत असते की त्याला पाठवणाऱ्या त्या स्वतः आहेत?

आता नोकरी. इथे मला माझ्या अब्बांबद्दल लिहावे लागेल.

अब्बा टेलर होते. वर्ध्याच्या एका दुकानात त्यांनी बावीस वर्षे शाळेचे गणवेश शिवले. रोज सकाळच्या एसटीने जायचे. मशीन दुकानाचे, कापड दुकानाचे, माप दुकानाने घेतलेले. पैसे नगावर. शिलाई वाकडी गेली तर शेठ उसवून पुन्हा करायला लावायचा, त्याचे पैसे नाहीत. ईदच्या दिवशी सुट्टी म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली. डोळे अधू झाले तेव्हा शेठने हात जोडून सांगितले, “चाचा, तुम्ही काही माझे नोकर नव्हता, तुम्ही कारागीर. आपलं नगाचं नातं.” अब्बांना त्यात मानच वाटला. कारागीर! दुकानाबद्दल ते आजही वाईट बोलत नाहीत.

वर्गाची तयारी करताना मला सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसचा निकाल सापडला. सिकंदराबादचे दुकान. कारागीर नगावर काम करणारे, येण्याजाण्याच्या वेळा ठरलेल्या नाहीत, काही जण काम घरीही न्यायचे. दुकानाचे म्हणणे होते, हे आमचे नोकर नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये सांगितले की आहेत. मशीन कोणाचे, काम कुठे होते, वाईट काम नाकारण्याचा आणि पुन्हा करून घेण्याचा हक्क कोणाकडे, हे सगळे पाहावे लागेल. पैसे नगावर दिले एवढ्याने माणूस स्वतंत्र व्यावसायिक ठरत नाही. आणि नोकर ठरला की दुकाने-आस्थापना कायदा लागू होतो: आठवड्याची सुट्टी, भरपगारी रजा.

निकाल माझ्या जन्माच्या आधीचा आहे. अब्बांनी वर्ध्याची एसटी पहिल्यांदा धरली, त्याच्याही आधीचा. मी त्यांना मराठीत समजावून सांगितला. त्यांनी चष्मा पुसला, विचारले, “मशीन दुकानाचं होतं त्यांचं पण?” मी हो म्हणालो. मग बराच वेळ काही नाही. नंतर फक्त एवढेच: “तेव्हा कोणी सांगितलं नाही.”

ज्यांना वाटते की हा विषय वकिलांचा आहे, शाळेचा नाही, त्यांच्यासाठी माझ्याकडे याहून मोठा युक्तिवाद नाही. दहावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात निवडणूक आहे, पक्ष आहेत, कामगार चळवळही आहे. नेमणूकपत्र नाही. करार कायद्याचे थोडेफार वाणिज्य शाखेच्या वाट्याला येते, तेही अकरावीनंतर. आणि आपल्या वस्त्यांमधली पोरे कामाला कधी लागतात? कापूस वेचणीला तर त्याच्या कितीतरी आधी.

असा विचार इथे नवा नाही. केळझरपासून तासाभराच्या आत वर्धा आणि सेवाग्राम आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद बोलावली आणि तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामियाचे डॉ. झाकीर हुसेन, पुढे राष्ट्रपती झालेले. नई तालीमचा आराखडा त्या समितीचा. मुले हाताने काम करत शिकतील, हे तर सगळ्यांना माहीत आहे. मला महत्त्वाची वाटते ती त्याच अहवालातली सावधगिरी: कामातून येणाऱ्या पैशावरच भर दिला गेला तर शिक्षणाचा हेतू मारला जाईल. मुलांच्या श्रमातून कोणाचा फायदा होतो आहे, हा प्रश्न झाकीरसाहेबांनी योजनेच्या पोटातच ठेवला होता. आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. डॉ. आंबेडकर १९२५ ते १९२८ मुंबईतल्या बाटलीबॉय यांच्या हिशेबनीसांच्या प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. पुढे ज्याने राज्यघटनेचा मसुदा केला, तो माणूस विद्यार्थ्यांना व्यापाराचे कायदे समजावून सांगत होता.

परत त्या गोडाऊनकडे. मी मुलाला १९७८ चा हुसेनभाई खटला सांगितला होता. कोझिकोडचा दोरखंडाचा कारखाना. २९ कामगारांना काम नाकारले. मालकाचे म्हणणे, ही माणसे ठेकेदाराची, माझी नाहीत. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मधला पडदा बाजूला केला. काम कोणाच्या धंद्यासाठी चालते आणि कामगारांच्या पोटाची दोरी खरोखर कोणाच्या हातात आहे ते पाहा, कागदावर कोणाचे नाव आहे ते नव्हे. ठेका कामगार कायदा, १९७० मध्येही होतेच की ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने द्यावी आणि ठेकेदाराकडून वसूल करावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांतही ही तरतूद आहे. शिवाय पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत, नोकरी सुटली तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब, आणि कामगाराला नेमणूकपत्र. घाम वाळण्याआधी मजुरी देण्याबद्दल आपण प्रत्येक जलशात ऐकतो. आता निदान सात तारखेचे तरी बोलू या.

मी हे उत्साहाने सांगितले आणि पुढे काय होईल याचा विचार केला नाही. पोरगा उन्हाळ्यात पुन्हा त्याच ठेकेदाराकडे गेला आणि पहिल्याच दिवशी लेखी कागद मागितला. उत्तर मिळाले, “कागद पायजे का? मंग उद्यापासून नोको येऊ.” त्याचे काम गेले. मामा माझ्या घरी आले. ओरडले नाहीत. चहा घेतला आणि म्हणाले, “भाऊ, तुमचा पगार दर महिन्याला बँकेत येते. त्याच्या घरी त्या पैशात फी भरणार होते.” मला उत्तर देता आले नाही. आजही पूर्ण उत्तर नाही.

पण त्यातून शिकवण्याची पद्धत बदलली. कृष्ण अय्यर यांच्यासमोर २९ कामगार एकत्र होते, त्यांच्या मागे संघटना होती. मी मात्र एका पोराला एकट्याने पुढे ढकलले होते. आता पहिल्या रविवारी कलम नाही, वही. कामाला जाल त्या दिवसापासून रोज चार गोष्टी लिहा: तारीख, आलो-गेलो त्या वेळा, काम कोणी सांगितले, पैसे किती आणि कोणाच्या हातून. पैसे शक्यतो खात्यावर किंवा यूपीआयवर घ्या. तो स्क्रीनशॉट उद्याचा साक्षीदार. एकत्र काम करणाऱ्या निदान चौघांनी वही ठेवा. मागणी करायची ती सगळ्यांनी मिळून, शांतपणे, आणि एखाद्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन. अडकलेल्या मजुरीसाठी त्या गोडाऊनमधली सहा पोरे एकत्र गेली तेव्हा ठेकेदाराने बारापैकी आठ दिवसांचे पैसे दिले. त्यांच्या बरोबर मामा गेले होते.

“आपल्याच माणसाकडे कसला कागद?” हे वाक्य मला सर्वांत जास्त ऐकू येते. आपल्या समाजात काम ओळखीने मिळते. बेकरी फुफाच्या ओळखीची, गॅरेज मशिदीत भेटणाऱ्या भाईचे. कागद मागितला की अविश्वास दाखवल्यासारखे होते. गंमत म्हणजे कुराणातली सर्वांत लांब आयत नमाज-रोजाची नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणारा असावा, साक्षीदार असावेत याबद्दल आहे. वर्गात हे सांगतो तेव्हा पालकांपैकी एखादा मान डोलावतो. दुकानाचा गल्ला सांभाळणारा पालक असेल तर डोलावत नाही, हेही पाहिले आहे. हुसेनभाई खटल्यातल्या मालकाचे नाव वाचून एका मुलाने विचारले होते, “सर, हा तं आपलाच?” होय. ते कामगार कोणत्या जमातीचे होते याचा निकालाशी काही संबंध नव्हता.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी मी मुलांना सांगितले होते की नोकरीचा बाँड म्हणजे रद्दी. करार कायद्याच्या कलम २७ ने धंदा-नोकरीवर बंधन घालणारा करार रद्दबातल ठरतो. त्यात माझा स्वतःचा राग होता. पहिल्या नोकरीत दोन वर्षांच्या बाँडवर मी न वाचता सही केली होती आणि माझी मूळ गुणपत्रके कंपनीच्या कपाटात पडून होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षे नोकरी किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. नोकरी चालू असतानाची वाजवी अट आणि नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करण्यावरची बंदी या वेगळ्या गोष्टी आहेत. भरतीचा खर्चही खरा असतो. पुढच्या रविवारी मी फळ्यावर ‘मी चुकलो’ लिहिले आणि निकाल समजावला. कोणती अट वाजवी ते पाहावे लागते, आणि पाहायला आधी वाचावी लागते. मुलांना माझा राग जास्त आवडला होता.

बारावीनंतर पुष्कळ जण डिलिव्हरीच्या गाडीवर बसतात. ॲप त्यांना ‘पार्टनर’ म्हणते. हे ॲप लिहिणारे आमच्याच पेशातले, म्हणून सांगतो: पडद्यावर पार्टनर लिहायला एक ओळ लागते. दर कोण ठरवते, काम कोण वाटते, खाते कोण बंद करते, हे कोडमध्ये वेगळ्या ठिकाणी असते आणि तिथे पार्टनरला हात लावता येत नाही. लंडनमध्ये उबर म्हणाली होती की आम्ही फक्त ड्रायव्हरांचे बुकिंग एजंट आहोत, धनी ते आहेत. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी ते फेटाळले आणि ड्रायव्हर हे कामगार आहेत असे सांगितले. आमच्या वर्गाचे दोन्ही धडे त्या एका निकालात आहेत. आपल्याकडच्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगारांना ओळख दिली, कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत द्यावी असे ठरवले. पण त्यांना पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेरच ठेवले. ते पुरेसे आहे असे मला वाटत नाही.

आणि आखातात पाठवणारा एजंट. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली त्याची नोंदणी असावी लागते. ती ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर मोबाईलवरून दोन मिनिटांत पाहता येते. त्याला घेता येणारे शुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी. गावात फिरणारा ‘सब-एजंट’ स्वतः नोंदवलेला नसेल तर तुम्ही पासपोर्ट कोणाच्या हातात देता आहात ते विचारा. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर तपासणीचा शिक्का लागतो. दहावी सोडू पाहणाऱ्या एका पोराला शाळेत ठेवायला माझ्या सगळ्या उपदेशांपेक्षा हा शिक्का जास्त उपयोगी पडला.

हे वाचणाऱ्यांमध्ये वकील आहेत, सीए आहेत, एचआरमध्ये काम करणारे आहेत, माझ्यासारखे कोड लिहिणारे आहेत. तुमच्या गावात शाळा आहे, मदरसा आहे, एखादे वाचनालय आहे. मुख्याध्यापकांना भेटा. ‘कायदा’ म्हटले की ते बिचकतात. ‘कामाला जाण्याआधीचा हिशेब’ म्हणा, खोली मिळते. एका रविवारी दीड तास पुरतो. सुरुवात किराण्याच्या उधारीने करा. मुलींना बोलवा आणि वकिलाचा धडा वगळू नका, कोणी नाराज झाले तरी. माहीत नसेल ते माहीत नाही म्हणा आणि पुढच्या वेळी उत्तर घेऊन या.

तो मुलगा आता बारावीत आहे. या दिवाळीत तो सेलूच्या एका दुकानात हिशेब लिहायला जात होता. कागद मिळाला नाही. मालक महिन्याच्या पाच तारखेला यूपीआयने पैसे पाठवायचा. वही त्याने मला दाखवली. पहिल्या पानावर तारखेच्या खाली लिहिले आहे, काम कोणी सांगितले: शेठ स्वतः. मामा फक्त ओळख.

मामांनी ते पान वाचले आहे. त्या ओळीखाली त्यांची सही आहे.